मीटरला मीठ दिसतं, साखर दिसत नाही

एका रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला हाक मारली. "भाऊजी, जरा वर या. पाण्याच्या मशीनवाला मुलगा आलाय. आपलं पाणी म्हणे पिण्याच्या लायकीचं नाही." मी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं पाणी तपासण्याचंच काम केलं. बदलापूर पूर्वेच्या आमच्या इमारतीत ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे पाण्याचं काही निघालं की हाक मला येते.

ओट्यावर काचेचे दोन ग्लास होते. एकात वहिनींच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्या मुलाने बाटलीतून आणलेलं आरओचं पाणी. दोन्ही ग्लासांवर एक छोटी पेटी आडवी ठेवलेली, तिच्यातून प्रत्येक ग्लासात दोन-दोन धातूच्या दांड्या सोडलेल्या. त्याने प्लग लावून बटण दाबलं. नळाच्या पाण्यात बुडबुडे उठले, पाणी हिरवट झालं, मग तपकिरी, आणि मिनिटभरात त्यात शेवाळासारखा गाळ तरंगू लागला. आरओचं पाणी जवळजवळ तसंच राहिलं. "बघा काकू, हे तुम्ही मुलांना पाजता," तो म्हणाला. वहिनींचा चेहरा उतरला.

मी त्याला बटण बंद करून प्लग काढायला लावला आणि विचारलं, "तुझ्या त्या स्वच्छ ग्लासात मी थोडी साखर घालू का?" तो हो म्हणाला. दोन चमचे साखर घालून ढवळली, पुन्हा बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा प्लग काढून चिमूटभर मीठ घातलं. बटण दाबताच बुडबुडे सुटले आणि त्याच्याच कंपनीचं शुद्ध पाणी आमच्या डोळ्यांदेखत तपकिरी झालं.

मुलगा प्रामाणिक होता. ट्रेनिंगमध्ये जेवढं दाखवलं तेवढंच तो दारोदार दाखवत होता. गाळ कुठून येतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. थोडा वेळ ग्लासाकडे बघत राहिला आणि त्याने नेमका प्रश्न विचारला, "पण काका, साखरही विरघळलीच की. मग तिच्याने का नाही झालं?"

त्या दिवशी उभ्या-उभ्या जमेल तसं उत्तर दिलं. ते नीट द्यायला हवं होतं, असं तेव्हापासून वाटत राहिलं. (एक आधीच सांगून ठेवतो. ती पेटी घरातल्या २३० व्होल्टवर चालते. उघड्या दांड्या आणि ओला ओटा एकत्र आले तर जीव जाऊ शकतो. हा प्रयोग घरी करू नका आणि कुणाला करूही देऊ नका.)

आधी गाळाबद्दल. त्या दांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यातून वीज वाहू लागली की त्या दांडीतले लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात, त्यांचा हायड्रॉक्साइड होतो आणि हवेतला ऑक्सिजन लागला की त्याचा गंज. म्हणजे तो तपकिरी गाळ दांडीचा होता, नळाच्या पाण्यातला नव्हता. जितकी वीज जास्त वाहील तितकी दांडी जास्त झिजेल आणि तितका गाळ जास्त. आरओच्या पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नव्हती, म्हणून दांडी फारशी झिजली नाही. एवढाच त्या प्रयोगाचा अर्थ.

आता मुलाचा प्रश्न. तांब्याच्या तारेत वीज वाहून नेतात ते मोकळे इलेक्ट्रॉन. पाण्यात असे मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. तिथे विजेची ने-आण करायला विद्युतभार असलेले आणि जागेवरून हलू शकणारे कण लागतात. त्यांना आयन म्हणतात. मायकेल फॅरेडेने १८३४ मध्ये हा शब्द रूढ केला, ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'जाणारा'. धन आयन ऋण दांडीकडे जातात, ऋण आयन धन दांडीकडे. पाण्यात विरघळलेला पदार्थ आयन देत असेल तर वीज वाहते, देत नसेल तर नाही. नववीच्या विज्ञानात दिव्याचा प्रयोग असतो, त्यातून आपण एवढं शिकतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. खरी गंमत त्याच्या पुढे आहे.

मिठाचा एक खडा हातात घ्या. त्यात सोडियम आणि क्लोरीन असतात, पण सोडियमने आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला कधीच देऊन टाकलेला असतो. खड्यात आहेत ते सोडियमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन, एकाआड एक रचलेले. म्हणजे मीठ पाण्यात पडल्यावर आयन 'तयार' होत नाहीत, ते आधीपासून असतात. तरी कोरड्या खड्यातून वीज जात नाही, कारण प्रत्येक आयन आपल्या जागी जखडलेला असतो. हेच मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळवलं तर पाण्याचा एक थेंबही नसताना त्यातून वीज वाहते. जखडलेल्या आयनांना मोकळं करणं एवढंच पाण्याचं काम.

ते काम पाणी करतं तरी कसं? पाण्याचा रेणू वाकडा आहे. ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण भार, हायड्रोजनच्या दोन टोकांना किंचित धन. सोडियमच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू ऑक्सिजनचं तोंड आत करून गोळा होतात, क्लोराइडभोवती हायड्रोजनची टोकं आत करून. शिवाय दोन विरुद्ध भारांमधली ओढ हवेत जितकी असते, तिच्या जवळपास ऐंशीव्या भागाइतकी पाण्यात उरते. एकमेकांना घट्ट धरून बसलेल्यांची पकड ऐंशी पटींनी सैल झाली तर ते सुटणारच. रॉकेलमध्ये ही पकड जेमतेम निम्मी होते, म्हणून रॉकेलमध्ये मीठ तळाशी तसंच पडून राहतं.

साखरेचं सगळंच निराळं. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ असे ४५ अणू असतात आणि ते इलेक्ट्रॉन वाटून घेऊन एकमेकांशी बांधलेले असतात. कुणी कुणाला इलेक्ट्रॉन देऊन टाकलेला नाही. साखरेच्या दाण्यात असे अखंड रेणू एकावर एक रचलेले असतात. पाणी त्यांना एकमेकांपासून सोडवतं, पण रेणूच्या आतला बंध तोडत नाही. रेणूच्या अंगावर पाण्याला धरता येतील अशा जागा भरपूर, म्हणून साखर मिठापेक्षा कितीतरी जास्त विरघळते. एक लिटर पाण्यात मीठ साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास मावतं, साखर जवळजवळ दोन किलो. पण विरघळलेला प्रत्येक रेणू अखंड आणि भाररहित. दांडीने त्याला ओढावं तरी कशाला धरून? युरियाचंही तसंच. मुरबाडच्या बाजूला भाताला युरिया आणि पोटॅश दोन्ही घालतात. पोटॅशचं पाणी वीज नेतं, युरियाचं ताजं द्रावण जवळजवळ नेतच नाही.

विरघळणं आणि आयन मोकळे होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आज सोपं वाटतं. एकोणिसाव्या शतकात भल्याभल्यांना ते पटत नव्हतं. आयन विजेमुळे तयार होतात, असं फॅरेडेसकट बहुतेकांना वाटायचं. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात प्रबंध सादर केला तो याच विषयावर, आणि त्यातून पुढे त्याने उलटा विचार मांडला. वीज लावा अगर न लावा, मीठ पाण्यात गेलं की त्याचं विचरण होतं, आयन सुटे होतात. प्रबंधाला अगदी खालची श्रेणी मिळाली. रसायनशास्त्रज्ञांचा आक्षेपही साधा नव्हता. सोडियम धातू पाण्यात पडला तर पेट घेतो, क्लोरीन विषारी वायू आहे. मग मिठाच्या पाण्यात हे दोन्ही सुटे असतील तर ते पाणी शांत कसं? उत्तर असं की सोडियमचा अणू आणि सोडियमचा आयन यांचा स्वभाव एक नाही. जो इलेक्ट्रॉन देण्यासाठी अणू एवढा उतावीळ असतो, तो आयनाने दिलेलाच असतो. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा, त्यामुळे हे नीट उलगडायला काळ जावा लागला. अऱ्हेनियसला १९०३ मध्ये याच कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्याच्या बाजूने मोठा पुरावा आला तो थंडीतून. घरी पॉट फिरवून आइस्क्रीम केलेल्यांना आठवेल, पॉटभोवतीच्या बर्फात खडेमीठ घालतात. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली उतरतो, म्हणून तो बर्फ शून्याखाली थंड होतो. गोठणबिंदू किती उतरेल हे पाण्यात कण किती आहेत यावर ठरतं, कण कसले आहेत याला महत्त्व नसतं. साखरेचे जितके रेणू घ्यावेत तितक्याच संख्येने मिठाच्या जोड्या घेतल्या, तर पातळ द्रावणात मीठ गोठणबिंदू जवळजवळ दुप्पट उतरवतं. एका जोडीचे दोन कण झाले, याहून सरळ साक्ष कोणती हवी?

आयन पाण्यातून किती वेगाने जातात याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. एका सेंटिमीटर अंतरावर एक व्होल्ट लावला तर सोडियमचा आयन तासाला दोन सेंटिमीटरही सरकत नाही. तरी बटण दाबताच वीज वाहते, कारण दोन्ही दांड्यांमधले सगळे आयन एकदम हलू लागतात. दुसरं म्हणजे लिथियमचा आयन आकाराने पोटॅशियमच्या आयनापेक्षा बराच लहान, पण पाण्यातून तोच हळू जातो. लहान असल्यामुळे त्याचा भार एकवटलेला, म्हणून तो पाण्याचे रेणू जास्त घट्ट ओढून घेतो आणि ते सगळं लटांबर घेऊन चालतो. आम्लातून येणाऱ्या हायड्रोजन आयनाने मात्र सगळ्यांना मागे टाकलंय. सोडियमपेक्षा तो सातपट चांगली वीज नेतो. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांग लावतात, बादली हातोहात जाते आणि माणूस जागेवरच उभा राहतो. हायड्रोजन आयनाचा भार तसाच पाण्याच्या एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो.

मीठ आणि साखर यांच्या मध्ये आणखी एक जात आहे. हायड्रोजन क्लोराइड हा वायू अखंड रेणूंचा, त्यात आयन नाहीत. अंबरनाथच्या कुठल्याही लॅबमध्ये सापडणाऱ्या कोरड्या टोल्युइनमध्ये तो विरघळवला तर वीज वाहत नाही. तोच पाण्यात गेला की पाण्याशी त्याची क्रिया होते, जवळजवळ प्रत्येक रेणू फुटतो आणि तयार होतं ते जहाल हायड्रोक्लोरिक आम्ल, विजेचं उत्तम वाहक. व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक आम्ल अर्धवट राहतं. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये साधारण दोनशे रेणूंमागे एखादाच फुटलेला असतो, म्हणून त्याच्या द्रावणातून वीज वाहते पण कमी.

आणि निव्वळ पाणी? त्याचेही अगदी थोडे रेणू आपणहून फुटतात. पूर्ण शुद्ध पाण्याची वाहकता २५ अंशांना दर सेंटिमीटरला ०.०५५ मायक्रोसीमेन्स असते. समुद्राच्या पाण्याची ५०,००० च्या आसपास. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर विजेची तार पडली तर माणसं दगावतात, ती पाण्यात मातीचे, गटाराचे क्षार उतरलेले असतात म्हणून. रस्त्यावर शुद्ध पाणी कधीच नसतं. तार पडलेल्या पाण्यात पाय घालू नये, हे घरातल्या पोरांना सांगून ठेवा.

आता माझ्या खऱ्या काळजीच्या गोष्टीकडे येतो. हल्ली घरोघरी पेनासारखा टीडीएस मीटर आलाय. आमच्या इमारतीतही तीन-चार आहेत. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ. नावावरून वाटतं की मीटर पाण्यात विरघळलेलं सगळं मोजतो. प्रत्यक्षात त्याच्या टोकाला दोन पिना असतात, तो त्यांच्यामधून वीज सोडतो, वाहकता मोजतो आणि तिला साधारण ०.५ ते ०.७ च्या मधल्या एका ठरलेल्या आकड्याने गुणून उत्तर दाखवतो. म्हणजे तो मोजतो फक्त आयन. ज्याला भार नाही ते त्याच्या दृष्टीने पाण्यात नाहीच.

पडताळून बघायचं तर जलसंजीवनी करा. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. या प्रयोगात धोका काही नाही, मीटर छोट्या सेलवर चालतो. आधी साखर घालून नीट विरघळवा आणि मीटर बुडवा. लिटरमागे वीस-पंचवीस हजार मिलिग्रॅम साखर उतरलेली असते आणि मीटरचा आकडा होता तिथेच असतो, उलट थोडा खालीच येतो. कारण पाणी थोडं दाट झालं आणि आयनांची चाल मंदावली. मग मीठ घाला, आकडा हजारांत जातो. वहिनींच्या ओट्यावर मी हे करून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे हा मीटर अर्धा आंधळा आहे." मला त्याहून चांगलं सांगता आलं नसतं.

लॅबमध्ये आम्हाला हे रोज जाणवायचं. औषधासाठी वापरायच्या पाण्याची वाहकता २५ अंशांना १.३ मायक्रोसीमेन्सच्या आत हवी, असा कडक नियम. पाण्यातले क्षार काढणाऱ्या डीएम प्लांटचं रेझिन थकलं की आकडा चढायचा आणि आम्ही धावायचो. पण तेवढ्यावर कुणी पाणी पास करत नाही. त्याच पाण्याची दुसरी तपासणी असते टीओसीची, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बनची. भाररहित सेंद्रिय पदार्थ वाहकतेला दिसत नाहीत, म्हणूनच ती तपासणी नियमात आहे. कारखान्यांना हे पक्कं माहीत आहे. घरात मीटर घेऊन बसलेल्या माणसाला ते माहीत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

आपल्या या पट्ट्यात हा फरक जास्त महत्त्वाचा आहे. मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांतून निघणारी वालधुनी अंबरनाथला शके ९८२ मधल्या, म्हणजे इ.स. १०६० च्या शिवमंदिराला लागून वाहते आणि उल्हासनगरमधून कल्याणच्या खाडीकडे जाते. उल्हासनगरमध्ये जीन्स धुतल्यावर निघणारं निळं पाणी सगळ्यांनी पाहिलंय. ती निळाई इंडिगोची. इंडिगो पाण्यात विरघळतच नाही, त्याचे बारीक कण तरंगत असतात. मीटरच्या आकड्यात त्या निळ्या रंगाचा वाटा जवळजवळ नसतो. आकडा वाढवतात ते ब्लीच, परमँगनेट, सोडा यांचे क्षार, आणि रंगाच्या मानाने ते डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये व्हिस्कोसचा धागा होतो. सेल्युलोजवर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करून ते कॉस्टिक सोड्यात विरघळवतात आणि गंधकाम्लाच्या बाथमध्ये त्याचा धागा काढतात. या पद्धतीत सोडियम सल्फेट तयार होतं, ते पाण्यात उतरलं की पूर्ण आयन. कार्बन डायसल्फाइड हे भाररहित रेणूंचं, मीटरला त्याचा पत्ताच नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या रसायन आणि औषध कारखान्यांत रोज वापरात असलेले मिथेनॉल, अ‍ॅसिटोन, टोल्युइन, सगळे याच जातीचे. यातलं काही एखाद्या विहिरीत वा बोअरवेलमध्ये उतरलं तरी मीटरचा आकडा जागचा हलणार नाही. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वालधुनीत चोरून सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरमध्ये अनेक लोक आजारी पडले. त्या दिवशी लोकांना धोका सांगितला तो नाकाने.

जंतूंचंही हेच. कावीळ, टायफॉइड पसरवणारे जंतू मीटरच्या आकड्यात येत नाहीत. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा मीटर लावून बघा. डोंगरावरून आलेल्या पावसाच्या पाण्यात क्षार कमी असतात, त्यामुळे बऱ्याचदा जुलैच्या गढूळ पाण्याचा आकडा एप्रिलच्या नितळ पाण्यापेक्षा खाली येतो. आकडा बघून पाणी प्यायचं असतं तर ते गढूळ पाणी आधी प्यावं लागलं असतं.

मीटर निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. बोअरवेलचं पाणी किती खारट आहे, आरओचा पडदा फाटला का, हे तो झटकन सांगतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले पदार्थ लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. बारवी धरणाचं आणि उल्हास नदीचं पाणी मुळात सह्याद्रीच्या पावसाचं, त्यात क्षार बेताचेच. आकडा ५०० च्या खाली असेल तिथे आरओ वापरायला बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र सरकारला सांगितलं होतं, कारण आरओ पाणी बरंच वाया घालवतो. वहिनींच्या नळाचा आकडा त्या मर्यादेच्या खूप खाली होता. त्यांनी मशीन घेतलं नाही.

तुमच्या घरी कुणी दांड्यांची पेटी घेऊन आला तर त्याला ती लावू देऊ नका. पाण्याबद्दल शंका असेल तर स्वच्छ बाटलीत नमुना घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या, जंतूंच्या चाचणीसाठी निर्जंतुक बाटली तिथूनच मागून घ्या, आणि सोसायटीला बोअरवेल असेल व जवळ कारखाने असतील तर सेंद्रिय रसायनांची चाचणीही करायला सांगा. नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल नगरपालिकेकडे लेखी अर्ज करून मागता येतो. आमच्या सोसायटीने तो अर्ज दिलाय. तुमच्या सोसायटीनेही द्यावा.